नमुन्याला ठेवलेली ट्यूब

मी एक जुनी, पिळून पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब आहे. माझ्या पोटात आता काहीही उरलेलं नाही. टोपणसुद्धा माझं स्वतःचं नाही, कुठल्यातरी दुसऱ्या ट्यूबचं आणून बसवलेलं आहे. मित्रांनो, रिकाम्या ट्यूबला कोण घाबरतं? कोणीच नाही. पण मी स्वतःला घाबरते, आणि का घाबरते ते सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही. माझं नाव मात्र मी सांगणार नाही. नाव कळलं की लोक काय करतात, ते मी पाहिलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक पट्ट्यावर आम्ही हजारो बहिणी उभ्या होतो. एका यंत्रानं आमच्या पोटात पांढरंशुभ्र मलम भरलं, दुसऱ्यानं शेपट्या दाबून बंद केल्या, तिसऱ्यानं अंगावर तारीख छापली. माझ्या पोटात तीन औषधं होती. त्यातलं एक फार जोरकस. लाली, सूज, खाज, काहीही असो, ते झटक्यात दाबून टाकायचं. डॉक्टर त्याला स्टेरॉइड म्हणतात. योग्य दुखण्यावर, योग्य तेवढे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरलं तर ते माणसाचं भलंच करतं. म्हणून तर माझ्या अंगावर एक उभी लाल रेघ छापलेली होती आणि तिच्या शेजारी लिहिलं होतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मला विकू नये. अक्षरं इंग्रजी आणि इतकी बारीक, की ती बहुधा मुंग्यांसाठीच छापली असावीत. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, ही लाल रेघ म्हणजे आपला दागिना आहे.

तिथून मी बडनेऱ्याच्या एका मेडिकलमध्ये आले. काचेच्या कपाटात आम्ही बारा जणी ओळीनं बसलो होतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक दिवस भगवंतराव दुकानात आले. जवळच्याच गावात त्यांची विहिरीवरची बागायत, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याला झेंडू. ओल्या धोतरानं दिवसभर वाफ्यात उभं राहून त्यांच्या कमरेला गजकर्ण झालं होतं.

"लय खाज सुटली, भाऊ. काई जोरदार दे," ते म्हणाले.

काउंटरवरच्या मनोजनं मागे वळून न पाहताच हात मागे केला आणि मला उचललं. मी वाट पाहत होते, की आता तो चिठ्ठी मागेल. त्यानं ती मागितली नाही. "हे लावा काका, चार दिवसांत पाहा," एवढंच म्हणाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली पहिली भीती ती. अगदी लहानशी होती. मी ती गिळली आणि भगवंतरावांच्या पिशवीत सांभाराच्या जुडीशेजारी जाऊन पडले.

पाचव्या दिवशी खाज थांबली. घरात माझं कौतुक झालं. भगवंतरावांची बायको पार्बताबाई मला "रामबाण" म्हणू लागल्या. आरशाखाली पत्र्याची फळी होती, त्यावर फणी, टिकल्यांचं पाकीट आणि पावडरचा डबा असे. त्यांच्या रांगेत मला मानाची जागा मिळाली. तीन आठवड्यांनी गजकर्ण परत आलं, आणि आधीपेक्षा दुप्पट जागा धरून आलं. मी ते बरं केलंच नव्हतं, नुसतं दाबून ठेवलं होतं. पण कुणालाही माझा संशय आला नाही. उलट सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडेच हात केला.

आता वर्षालीबद्दल सांगते. ती या घरची लेक, वय एकवीस. पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे आईबरोबर भाजी घेऊन बडनेऱ्याच्या बाजारात जायची, ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथं बसायची आणि चार वाजले की मैदानावर धावायला पळायची. आमच्या वऱ्हाडातलं वैशाखातलं चारचं ऊन म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच विचारा. सगळ्या मुली बांधतात तसा ती दुपट्टा बांधायची, कपाळ झाकलेलं, नाक-तोंड झाकलेलं, फक्त डोळे उघडे. त्यामुळे झालं असं, की डोळ्यांभोवतीचा पट्टाच तेवढा रापला. तो काळवंडला, कोरडा पडला, डोळ्यांखाली साल निघू लागली.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तिच्या मावसभावाचं, योगेशचं अकोल्याला लग्न होतं. लग्नातला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, "वर्षालीनं मांडवात बी काया चष्मा लावला काय?" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. वर्षालीनंही एक हसणारं तोंड पाठवलं. मग मोबाईल पालथा ठेवून ती बराच वेळ आरशापुढे उभी राहिली. मी खालून तिचा चेहरा पाहत होते. ती हसत नव्हती.

तिनं आधी घरचे उपाय केले. लिंबू चोळलं, टोमॅटो चोळला, बेसन लावून खरखरीत फडक्यानं घासलं. उन्हानं दुखावलेली चामडी अशी घासल्यानं आणखीनच दुखावते. खरं तर तिच्या त्या पट्ट्याखाली नवी चामडी तयार होतच होती. तिला थोडी सावली, थंड पाणी आणि वेळ हवा होता. पण एकविसाव्या वर्षी वेळ कोणाजवळ असतो? एका सकाळी तिचा हात फळीवर फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला.

"बाबाची खाज पाच दिवसांत गेली, तं हे बी जाईन," ती स्वतःशीच म्हणाली.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत झाली. मला ओरडावंसं वाटलं. टोपण इतकं घट्ट आवळून धरावंसं वाटलं की ते फिरूच नये. पण ट्यूबच्या हाती काय असतं? तिनं दाबलं आणि मी बाहेर आले. तिच्या गालावरचा पहिला थेंब माझाच होता.

चौथ्या दिवशी लाली गेली. आठव्या दिवशी काळा पट्टा फिका झाला. पंधराव्या दिवशी चेहरा असा मऊ आणि उजळ दिसू लागला की बाजारात बायका वळून पाहू लागल्या. आता लपवत नाही, मला आनंद झाला होता. कौतुक कुणाला नको असतं? मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. शेजारच्या जमुनाबाई तर ओसरीवर येऊन तिची हनुवटी धरूनच म्हणाल्या, "काय लावून राहिली व पोरी? तोंड कसं चमकून राहिलं!"

वर्षालीनं मला दाखवलं.

तोपर्यंत मी रिकामी झाले होते. दुसऱ्या कुठल्या घरात कदाचित मला केरात टाकलं असतं. पण आमच्या गल्लीत औषधाचं टरफल कुणी टाकत नाही. गोळ्यांची फाटकी पट्टी, खोकल्याच्या बाटलीवरचा कागद, रिकामी ट्यूब, सगळं जपून ठेवतात. इंग्रजी नाव वाचता येत नाही, लक्षात राहत नाही, म्हणून ते टरफलच दुकानात न्यायचं आणि म्हणायचं, "हेच दे." अशी मी नमुन्याची ट्यूब झाले. जमुनाबाई मला घेऊन गेल्या आणि माझी एक भरलेली बहीण घरी घेऊन आल्या. मग त्यांच्या जावेनं नेलं. मग कोपऱ्यावरच्या शिलाईवालीनं, मग अंगणवाडीच्या बाईंनी, मग आणखी एकीनं. कुणाला वांग घालवायचे होते, कुणाला पुटकुळ्या, कुणाला नुसतंच उजळ व्हायचं होतं. प्रत्येक वेळी मी परत माझ्या फळीवर यायचे आणि त्या घरातल्या फळीवर माझी एक बहीण राहायची. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. पोटात थेंब नव्हता आणि तरी माझं काम थांबत नव्हतं.

दिवाळीपर्यंत वर्षालीला कळून चुकलं की मला सोडता येत नाही. एक दिवस लावलं नाही तर चेहरा तापायचा. दोन दिवस लावलं नाही तर लालबुंद व्हायचा, पुळ्या यायच्या, आग आग व्हायची. मग ती घाबरून नवी ट्यूब आणायची, लावायची, आणि तासाभरात शांत वाटायचं. संक्रांतीपर्यंत तिच्या गालांवर केसासारख्या बारीक लाल रेषा उमटल्या. हनुवटीवर लव वाढली. चामडी इतकी पातळ झाली की टॉवेल लागला तरी चुरचुरायची. ती रोज सकाळी आरशात पाहायची आणि तिच्या डोळ्यांत जी भीती असायची, तीच माझ्यात असायची. फरक इतकाच की तिला कारण माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

मार्च उजाडला. मैदानावर पहिल्या फेरीतच तिचा चेहरा असा भडकला, जणू कुणी मिरचीपूड चोळली. तिनं दुपट्ट्यानं तोंड दाबलं आणि ती खाली बसली. उन्हाचे डाग घालवायला तिनं मला हाती धरलं होतं आणि आता तिला ऊनच सोसेना. मैदानी चाचणी उन्हाळ्यानंतर होईल असं सगळ्या मुली म्हणत होत्या. तिनं धावायला जाणं बंद केलं, बाजारात बसणं बंद केलं. घरात सांगितलं की ऊन बाधलं. पार्बताबाईंना वाटलं, दुपट्ट्याचा रंग उतरून अंगावर आला असेल. त्यांनी तो दुपट्टा चुलीत घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मी फळीवरून तो जळताना पाहत होते.

शेवटी वर्षाली एकटीच अमरावतीला चामडीच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर प्रियदर्शनी. त्यांनी चेहरा उजेडात फिरवून पाहिला आणि विचारलं, "काय लावत होतीस?"

"काईच नाही, मॅडम. ऊन लागलं."

डॉक्टरांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं वर्षालीनं पर्स उघडली आणि मला बाहेर काढलं.

डॉक्टरांनी माझी लाल रेघ पाहिली, ती बारीक अक्षरं वाचली. त्या रागावल्या नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. "उन्हानं रापलेली चामडी महिना-दोन महिन्यांत हळूहळू आपणच बरी झाली असती, बेटा," त्या म्हणाल्या. "तिला सावली द्यायची, साधं मलम लावायचं, घासायचं नाही, बस. तू तिला वेळच दिला नाहीस. आता मी सांगते तसं हे सोडायचं. सोडलं की आधी वाढेल, बरं व्हायला महिने लागतील. घाबरून परत याच्याकडे जायचं नाही. आणि ही कापून फेकून दे."

"मैदानावर कधी जाता येईन?"

"आज नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

वर्षालीनं मला कापलं नाही. घरी आल्यावर पर्स खुंटीला अडकवून ती आतल्या खोलीत जाऊन झोपली. पार्बताबाईंनी औषधाची चिठ्ठी शोधताना मला पाहिलं, पदरानं पुसलं आणि परत फळीवर ठेवलं. नमुना म्हणून कामाला येईल असं त्यांना वाटलं. कारण वर्षालीनं डॉक्टरांचं बोलणं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या शब्दावर गल्लीतली पाच घरं मला लावत होती. त्यांना आता कोणत्या तोंडानं सांगायचं, हाच तिचा प्रश्न होता. ती पडदा ओढून आत बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, चेहरा सुजला, ओला झाला, पापुद्रे निघू लागले. कुणी विचारलं तर पार्बताबाई सांगायच्या, "ऊन बाधलं तिले."

आणि मग ती दुपार आली.

जमुनाबाई हातात पिशवी घेऊन, नवं लुगडं नेसून ओसरीवर आल्या. अकोल्याला दिलेली त्यांची मुलगी आरती, तिला आठ महिन्यांचं बाळ.

"पार्बता, ते ट्यूब हाये का व? माही मलेच लागते रोज, हे नमुन्याले आरतीजवळच ठेवीन. आरतीच्या लेकराले घामोया झाल्या. मान अन् गाल लाल लाल झाले म्हणे. लय रडून राहिलं बिचारं. आता चारच्या गाडीनं अकोल्याले चालली. तिथल्या मेडिकलात दाखवून हेच घेईन म्हटलं."

"हाये ना. घेऊन जा," पार्बताबाई म्हणाल्या. त्यांनी मला फळीवरून उचललं आणि जमुनाबाईंच्या हातावर ठेवलं. जमुनाबाईंनी मला रुमालात गुंडाळून गाठ मारली.

मित्रांनो, त्या रुमालाच्या अंधारात मला जे वाटलं ते मी शब्दांत कसं सांगू? एकवीस वर्षांच्या मुलीचा चेहरा मी जाळला होता. आठ महिन्यांच्या बाळाची चामडी त्याहून कितीतरी पातळ असते, औषध तिच्यातून सरळ रक्तात उतरतं. आणि बाळाला सांगताही येत नाही की आग होते आहे. त्याच्या गालावर बोट फिरेल, चौथ्या दिवशी घामोळ्या जातील, सगळे म्हणतील रामबाण, आणि मग ते रोजच लावतील. मला सगळं पुढचं दिसत होतं. मला तोंड होतं, पण त्याला दुसऱ्याचं टोपण घट्ट बसवलेलं होतं.

पडद्याच्या कड्या वाजल्या. "काकू, थांब," वर्षालीचा आवाज आला.

ती ओसरीवर आली. तोंडावर दुपट्टा नव्हता. दुपारचा लख्ख उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला असेल, कारण जमुनाबाईंच्या हातातून पिशवीच गळून पडली.

"अवं माय! हे काय झालं व तुह्या तोंडाले? ऊन बाधलं म्हणे ना?"

"ऊन नाही बाधलं. मी खोटं बोलली. हे त्या ट्यूबनं केलं. डॉक्टर मॅडमनं मले सांगतलं अन् मी कोणालेच नाही सांगतलं. मले लाज वाटली."

जमुनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी बी तं लावते. रोज."

"हव. मीच दाखवली तुले."

"मले तरी सांगायचं होतं," पार्बताबाई म्हणाल्या. "म्या आताच तिच्या हाती देल्ली."

वर्षालीनं जमुनाबाईंचा हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला. रुमालात गुंडाळलेली मी त्याच हातात होते. कापडातून मला त्या गालाची धग लागली.

"लावून पाय, काकू, कसं तापून राहिलं. माहं वय एकवीस हाये, अन् मले सहन नाही होत. ते लेकरू आठ महिन्यांचं हाये."

जमुनाबाई खाली बसल्या. त्यांनी दातांनी गाठ सोडली, मला रुमालातून काढलं आणि इंगळी झटकावी तसं बाजूला टाकलं. "मंग काय लावू व त्याले?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मनानं काईच नोको लावू. थंड्या पाण्यानं पुस. सैल सुती झबलं घाल, कूलरच्या हवेत ठेव. अन् उद्या सकाळी तिथल्या डॉक्टरले दाखव. आरतीले आताच फोन लाव."

त्यांनी ओसरीवरूनच फोन लावला. चारच्या गाडीनं त्या अकोल्याला गेल्या आणि मी इथंच राहिले.

त्या आठवड्यात वर्षाली मला हातात घेऊन उरलेल्या घरी जाऊ लागली, तोंड उघडं ठेवून, ऊन कलल्यावर. जमुनाबाईंच्या जावेनं तिला नको नको ते ऐकवलं. शिलाईवालीनं दारच लावून घेतलं. अंगणवाडीच्या बाई तिचा हात धरून रडल्या आणि दुसऱ्याच दिवशी अमरावतीला डॉक्टरांकडे गेल्या. भगवंतरावही कमरेचं गजकर्ण दाखवायला गेले. मनोजच्या दुकानात मात्र काही उपयोग झाला नाही. "लोकच मागतात, ताई, मी काय करू?" तो म्हणाला. माझ्या बहिणी त्याच्या कपाटात अजून ओळीनं बसलेल्या आहेत. वर्षालीचा चेहरा अजून बरा झालेला नाही. कधी थोडा निवतो, कधी पुन्हा भडकतो. ती अजून मैदानावर गेलेली नाही. यंदाची भरती हुकेल की काय याची तिला भीती वाटते, आणि मलाही वाटते.

अजून एक घर बाकी आहे. ते झालं की ती मला कात्रीनं उभी कापणार आहे. त्याची मला बिलकूल भीती वाटत नाही.

मित्रांनो, उन्हाळा दर वर्षी येणार आहे आणि तुमची नाकं, गाल, माना दर वर्षी रापणार आहेत. रापलेल्या चामडीला सावली द्या, पाणी द्या, आणि थोडे दिवस तिच्या वाटेला जाऊ नका. तिचं काम तिला येतं. कुणी प्रेमानं एखादी ट्यूब पुढे केली, तर आधी विचारा की ही कोणत्या डॉक्टरांनी, कुणासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती. आणि चुकून लावलीच असेल, त्रास झालाच असेल, तर लपवू नका. ज्या दिवसांत वर्षाली गप्प राहिली, त्या दिवसांत मी सगळ्यात जास्त फिरले.

अकोल्याच्या त्या बाळाचं नाव मला माहीत नाही. घामोळ्या आपोआप गेल्या आणि आता ते रांगतं, एवढं जमुनाबाई सांगत होत्या. त्याचे गाल कसे आहेत ते मी पाहिलेलं नाही. माझी आणि त्याची गाठ कधीही पडू नये.